जिप्सीत हॅम रेडिओ आणि अँटेना बसवतोय. टप फायबरचा आहे, अँटेना कुठे लावू?

कच्चारस्ता

नमस्कार मंडळी. गेल्या जुलैत आम्ही चार गाड्या घेऊन देवलापारच्या पुढे हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलो होतो. तीन गाड्या नाला ओलांडून पुढे निघाल्या. मागची, माझ्या मित्राची गाडी, थडीवरच्या काळ्या चिखलात फसली. मोबाइलला रेंजची एक दांडी नव्हती. त्याच्यासोबत त्याची आई होती, साठी उलटलेली. मागे कोणी दिसत नाही हे आमच्या लक्षात आलं पाऊण तासानं. परत पोचलो तेव्हा नाल्याचं पाणी बंपरला टेकलं होतं आणि काकू दगडावर उभ्या राहून दोरी धरून होत्या. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

नंतर हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना घेऊन छंद म्हणून चालवायच्या वायरलेसचा, अभ्यास केला, परीक्षा दिली, लायसन्स हातात आलं. एका ओळखीच्या परवानाधारकाकडून ५० वॉटचा ड्युअल बँड (दोन पट्ट्यांवर चालणारा), गाडीत बसवायचा सेट घेतला, बिलासकट. गाडी पेट्रोल जिप्सी, वर बाहेरून बसवून घेतलेला फायबरचा हार्डटॉप. चुंबकवाला अँटेना आणला तर तो टपावरून घसरून खाली आला, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

तर अँटेना कुठे लावू? करंट कुठून घेऊ? आणि खरोखर किती लांब बोलता येईल? ज्यांनी स्वतः बसवलाय त्यांनी सांगावं.

तर्रीपोहे

भाऊ, लायसन्स काढलं त्याबद्दल आधी अभिनंदन. मी पण त्या ट्रिपले होतो. काकूंचा चेहरा अजून आठवते.

डायपोल

अभिनंदन. पहिलं काम सांगतो. लायसन्सवर तुमच्या ग्रेडला जी कमाल पॉवर लिहिली आहे ती पाहा आणि सेट त्याच्या खालीच ठेवा. सेट ५० वॉटचा असला तरी लो आणि मिड या कमी पॉवरच्या पायऱ्या असतातच. आपल्याकडे २ मीटरचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ आणि ७० सेंटीमीटरचा ४३४ ते ४३८ आहे. बाहेरच्या देशांतले सेट याच्या पलीकडेही ट्रान्समिट करतात, म्हणून मेमरीत आधीच आपल्या हद्दीतल्याच फ्रिक्वेन्सी भरून ठेवा.

आता टपाचं. पाव तरंगाचा, म्हणजे तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढा, रॉड म्हणजे अर्धाच अँटेना असतो, उरलेला अर्धा त्याच्याखालचा पत्रा. १४५ ला तरंगलांबी २ मीटरच्या थोडी वर, म्हणून रॉड साधारण ४९ सेंटीमीटर, आणि त्याच्या चारी बाजूंना तेवढाच पत्रा हवा. फायबरखाली तो नाही. तिथे रॉड लावला तर सिग्नल केबलच्या जाळीवरून उलटा गाडीत येतो. माईकला हात लावला की चटका बसतो, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर उलटी परत येते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) कधी काय दाखवेल सांगता येत नाही.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. बॉनेटच्या कडेला ब्रॅकेट. फायबरच्या आतून पत्रा किंवा रॉडएवढ्या लांबीच्या तांब्याच्या चार पट्ट्या. किंवा अर्ध्या तरंगाचा अँटेना, ज्याला पत्र्याची गरज नाही, पण तो मीटरभर लांब. जंगलातल्या फांद्या बघता मी पहिली वाट धरीन.

पुणेरी_पजेरो

असहमत. बॉनेटच्या कडेला लावलं की रॉडच्या एका बाजूला सगळं बॉनेट आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. सिग्नल एका दिशेला जास्त जातो. माझ्या पत्र्याच्या टपावर मी मधोमध १९ मिलिमीटरचं भोक पाडून एनएमओ माउंट (अँटेना फिरवून बसवायची बैठक) बसवलंय, चार वर्षं झाली, थेंब गळला नाही. फायबरच्या टपालाही आतून मोठा पत्रा चिकटवा आणि मधोमध भोक पाडा. उंचीही मिळते.

तर्रीपोहे

भोक?? टपाले?? नागपूरच्या जुलैत??

पुणेरी_पजेरो

@तर्रीपोहे, भोक पाडल्यावर कडेला प्रायमर लावायचा, खाली रबरी रिंग, आणि सिलिकॉन लावायचंच तर न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येतो ते सिलिकॉन तांबं आणि पत्रा दोन्ही खातं.

रेवा_रामटेक

दोघांचंही बरोबर आहे, पण जिप्सीचा प्रश्न वेगळा आहे असं मला वाटतं. मी दोन वर्षं माझ्या जुन्या जीपवर प्रयोग केलेत. टपावरच्या अँटेनाला उंची मिळते हे खरं, पण सागवान आणि बांबूच्या वाटेवर पहिली फांदी लागते ती टपालाच. माझा सव्वा मीटरचा, पाच-अष्टमांश तरंगाचा रॉड नवेगाव खैरीच्या रस्त्यावर बुडातून वाकला आणि माउंटने टपाचा पत्रा सोबत ओढला. आता मी बॉनेटच्या कडेला पाव तरंगाचा साधा रॉड लावते, खाली स्प्रिंग. फांदी आली की झुकतो, गेली की उभा राहतो. जंगलात मला याच्यात काही कमी पडलेलं जाणवलं नाही.

एक नक्की करा. ब्रॅकेट बॉनेटला घट्ट बसलं म्हणजे अर्थिंग मिळालं असं नाही. स्क्रू जिथे टेकतो तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा दिसू द्या. बॉनेट बिजागरीवर असतं, आणि बिजागरीत ग्रीस आणि गंज. म्हणून बॉनेटपासून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली चपटी पट्टी जोडा. मल्टिमीटर लावून बघा, अर्थिंग मिळालं तर बीप येईल.

वाडीचा_वायरमन

करंटचा प्रश्न राहिला की. मी ट्रकांची वायरिंग करतो, चार हॅमवाल्यांच्या गाड्याही केल्या. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून सेट चालवू नका. तिथली वायर बारीक असते, आणि सॉकेटची पत्ती ढिली झाली की गरम होते. एकदा एका साहेबांची गाडी आली, तक्रार अशी की माईक दाबला की सेट बंद होऊन परत चालू होतो. इंजिन बंद ठेवून मोजलं. बॅटरीवर १२.३ व्होल्ट, आणि माईक दाबलेला असताना सेटच्या मागच्या प्लगवर ११.४. बहुतेक सेटना १३.८ च्या १५ टक्के खाली-वर चालतं, म्हणजे ११.७ च्या खाली गेलं की तो दम सोडतो. सेटमध्ये दोष नव्हता, वायर भुकेली होती.

पूर्ण पॉवरला ५० वॉटचा सेट ११-१२ अँपिअर ओढतो. बॅटरीपासून सेटपर्यंत ४ मीटर धरा, जाऊन-येऊन ८. २.५ स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) तांब्यात ११ अँपिअरला ०.६ व्होल्ट गळतो. ६ स्क्वेअर घेतली तर पाव व्होल्ट. पैशाचा फरक फार नाही, म्हणून ६ घ्या. फ्यूज बॅटरीपासून एका वितीच्या आत हवा, सेटजवळ नाही. कारण वायर मधे कुठे पत्र्याला घासून कापली गेली तर फ्यूजच्या अलीकडचा भाग जळत राहतो. फायरवॉलमधून वायर नेताना रबरी ग्रोमेट लावाच. लग क्रिंप करा, पिळून टेप गुंडाळणं नको.

कच्चारस्ता

@वाडीचा_वायरमन दादा, हे वाचून मी काल रात्री जाऊन माझी वायर मोजली. लायटरची होती, एक स्क्वेअरच्या आसपास. काढून टाकली.

खाणीतला

मी कोळसा खाणीत नोकरी केली, आता निवृत्त आहे. एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. उमरेडच्या बाजूला, सिलेवाड्याकडे खाणी आहेत, मनसर-कांद्रीला मँगनीज आहे. खाणीच्या फाट्यावर सुरुंगाचा लाल झेंडा किंवा पाटी दिसली की माईकला हात लावू नका. विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरच्या तारा स्वतःच अँटेना होऊ शकतात. जवळून जोरदार ट्रान्समिशन झालं तर त्यांत करंट येण्याचा धोका असतो, म्हणूनच खाणीत याचे अंतराचे नियम ठरलेले असतात. मी शिफ्टमध्ये असताना ब्लास्टिंगच्या वेळी आमचे वायरलेस सेट बंद करून बाजूला ठेवायचो. ऐकत राहा, बोलू नका, आणि पुढे निघून जा.

कामठीची छावणी, दारूगोळ्याचे कारखाने, त्यांच्या कुंपणाजवळही हेच.

डायपोल

@खाणीतला, फार मोलाचं लिहिलंत. तीस वर्षं हॅम आहे, पण नव्या मुलांना हे सांगायचं मलाही सुचलं नव्हतं.

यात भर घालतो. पेंच, करांडला, कुठल्याही अभयारण्याच्या गेटच्या आत सेट बंद. वनखात्याचे स्वतःचे वायरलेस असतात, आणि गाडीवर मोठा अँटेना दिसला की गेटवरचा माणूस विचारणारच. लायसन्सची प्रत आणि सेटचं बिल गाडीतच ठेवा. शांतपणे दाखवलं की बहुतेक वेळा दोन मिनिटांत निघता येतं.

तर्रीपोहे

माझी शंका. समजा यानं सगळं बरोबर बसवलं. पण आमच्या बाकी तीन गाड्यांत लायसन्स कोणाकडेच नाही. मग हा बोलणार कोणाशी? मी ऑनलाइन दोन वॉकीटॉकी पाहून ठेवले आहेत, पंधराशेले जोडी. घेऊन टाकू का?

रेवा_रामटेक

@तर्रीपोहे दादा, नका घेऊ. त्यातले बरेचसे सेट कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर बोलतात, पोलिसांच्या नि अग्निशमनाच्यासुद्धा. लायसन्स नसताना नुसता जवळ ठेवणंही अडचणीचं. २०२५ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीवर याच कारणानं बडगा उगारला होता. लायसन्सशिवाय हवं असेल तर ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे कमी पॉवरचे मंजुरीप्राप्त सेट मिळतात. अँटेना काढता येत नाही, पॉवर अर्धा वॉट. गाडीत बसून किलोमीटरभरही अवघड, पण खिडकीबाहेर धरला तर मागच्या गाडीला ‘थांब’ म्हणायला पुरतो.

पुणेरी_पजेरो

मग हॅम कशाला? चारही गाड्यांत ४४६ ठेवा, विषय संपला. आधी त्या सेटनं मित्राला हाक मारता येते का ते बघायचं, मग अँटेनाचं शास्त्र.

कच्चारस्ता

@पुणेरी_पजेरो, हा मुद्दा मला पटतो, आणि पटत नाही. त्या दिवशी आमच्यात आणि मागच्या गाडीत तीन-चार किलोमीटर आणि एक टेकडी होती. अर्धा वॉटचा सेट तिथे मुका राहिला असता. आणि मला पुढेही काही करायचंय. सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडून शहरात पाणी शिरलं, तेव्हा आमच्या गल्लीत वीज नव्हती आणि फोन लागत नव्हता. शेजारचे आजोबा गच्चीवर अडकले होते. तेव्हा माझ्याकडे नुसती गाडी होती, आवाज नव्हता.

डायपोल

तुमच्या या उत्तरावर मला अंदमान आठवलं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांची हॅम टीम छंदाच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होती, आणि त्सुनामी आली. टेलिफोन कोलमडले. त्यांचा छंदाचा सेट मग निरोप पोचवत राहिला, कोण जिवंत आहे, कुठे आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर १९९३ मध्येही हॅम तिथे पोचले होते. पण त्यांचे सेट आधीपासून जुळवलेले होते, बोलण्याचा सराव होता. तुम्ही रविवारी गाडी घेऊन नुसतं बोलत राहा. संकटात हात आपोआप चालतो तो सरावानं.

वाडीचा_वायरमन

काका, हे प्रिंट काढून दुकानात लावतो.

कच्चारस्ता

दोन आठवड्यांनी परत आलो, प्रगती सांगतो.

ब्रॅकेट ड्रायव्हरच्या बाजूला बॉनेटच्या कडेला बसवलं, रंग खरवडला, तांब्याची पट्टी जोडली. ६ स्क्वेअर वायर, फ्यूज बॅटरीजवळ. सेट सीटखाली, हवा खेळती राहील असा. डॅशबोर्डवर ठेवायचा मोह झाला होता, पण मे महिन्याच्या उन्हात आपल्या डॅशबोर्डवर पापड भाजतील. वर फक्त पुढचं पॅनेल लावलं.

रॉड जुळवताना जे झालं ते सविस्तर लिहितो. रॉड ५०.२ सेंटीमीटरचा होता. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) लावला तर खड्डा, म्हणजे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी असलेली जागा, १४१.५ मेगाहर्ट्झला. म्हणजे रॉड लांब. कटर हातात घेतला, पण @डायपोल काकांनी फोनवर बजावलं होतं की कापलेला तुकडा परत जोडता येत नाही. म्हणून ६ मिलिमीटरच कापले, खड्डा १४३.२ ला सरकला. आणखी ६ कापले, रॉड ४९ सेंटीमीटर, आणि खड्डा बरोबर १४५.० वर. एसडब्ल्यूआर १.३. बॉनेट उघडं ठेवून मोजलं की आकडा बदलतो, बंद करूनच मोजायचं, हे तिसऱ्या वेळी कळलं.

पण आता नवीन त्रास. इंजिन चालू केलं की खर्रखर्र येतो, एक्सिलेटर दाबला की त्याचा वेग वाढतो. आणि त्याच्या खाली एक सतत शूंऽऽ असा आवाज आहे, इंजिन बंद केलं तरी जात नाही.

वाडीचा_वायरमन

एक्सिलेटरसोबत वाढणारी खरखर म्हणजे स्पार्कची. पेट्रोल जिप्सीत हे यायचंच. रेझिस्टरवाले प्लग आणि नवीन एचटी वायर (प्लगला जाणारी हाय टेन्शन वायर) टाका, जुनी वायर अंधारात बघा, निळी ठिणगी दिसेल. डिझेलवाल्यांना ही खरखर नाही, त्यांना अल्टरनेटरची शिट्टी.

डायपोल

आणि सतत येणारा आवाज इंजिनाचा नाही, कारण इंजिन बंद करूनही तो येतो. गाडीत चार्जर, एलईडी बार, डॅशकॅम जे काही लावलंय ते एकेक काढत जा. सेट १४५.५०० वर, स्क्वेल्च (सिग्नल नसताना सेट गप्प ठेवणारी सोय) पूर्ण उघडा.

कच्चारस्ता

सापडला! डॅशकॅमचा छोटा चार्जर. उपटला की सगळं शांत. परत लावला की शूंऽऽ. चार्जर बदलला, नव्याच्या वायरीवर फेराइटचा मणी अडकवला, तो असा गोंगाट अडवतो. एचटी वायरही बदलली. आता सेट इतका शांत आहे की रात्री स्पेस स्टेशन वरून जाताना १४५.८०० वर त्याचा सिग्नल मुलाला ऐकवला. तो दोन दिवस शाळेत तेच सांगत होता.

रेवा_रामटेक

वा! मग रविवारी चाचणी. मी रामटेकच्या गडावर माझा ५ वॉटचा हँडसेट घेऊन उभी राहते, तुम्ही नागपुरात सेमिनरी हिल्सला या.

कच्चारस्ता

चाचणी झाली. सेमिनरी हिल्स ते रामटेकचा गड, सरळ रेषेत सुमारे ३८ किलोमीटर. रेवाताईंचा हँडसेट ५ वॉटचा, माझा सेट लो वर. शब्दन् शब्द ऐकू आला, मागे गडावरच्या घंटेचा नाद आला. मी गाडीत बसून नुसता ऐकत राहिलो.

मग त्याच गाडीने सपाट रस्त्यावरून मौद्याकडे गेलो, मित्राचा हॅम भाऊ दुसऱ्या गाडीत. दहा-अकरा किलोमीटरला सुटलं. हिशेब तोच सांगतो, दोन्ही अँटेना जमिनीपासून दोन-दोन मीटरवर असले तर क्षितिज साधारण इतक्यावरच येतं. पॉवर वाढवून फार फरक पडला नाही. काका, तुम्ही सुरुवातीला वॉटपेक्षा पत्र्याबद्दल का बोललात ते त्या दिवशी उमगलं.

आणि शेवटी तो नाला. आम्ही मुद्दाम त्याच जागी गेलो, या वेळी कोरड्यात. रेवाताई गडावर होत्या. थडीवरून त्यांना काहीच गेलं नाही. तीन किलोमीटर पुढच्या गाडीलाही नाही, मध्ये टेकडी. मी पाच वेळा हाक मारली.

तर्रीपोहे

मी होतो तिथं. लय शांतता होती भाऊ.

कच्चारस्ता

हो. मग आम्ही असं केलं. मित्राच्या भावाने त्याची गाडी टेकडीच्या चढावर नेली, माथ्यापर्यंत नाही, जिथून दोन्ही बाजू दिसतात तिथे. मी नाल्यातून बोललो, त्यानं ऐकलं, त्यानं पुढच्या गाडीला सांगितलं. निरोप वीस सेकंदांत पोचला. आता आमचा नियम ठरलाय. नाला, घाट, टेकडी आली की मागची गाडी दिसेपर्यंत मधली गाडी उंचावर थांबते. तो नियम रेडिओ नसता तरी लावायला हवा होता.

पुणेरी_पजेरो

टेकडीवरची मधली गाडी. मान्य. माझा टपावरचा आग्रह या भूभागासाठी मागे घेतो.

रेवा_रामटेक

पावसाळ्याआधी एक काम राहिलंय. बॉनेटजवळच्या कनेक्टरवर स्वतःत मिसळून घट्ट होणारी रबरी टेप ओढून गुंडाळा, वरून साधी टेप. माझा कनेक्टर मी ऑगस्टमध्ये उघडला होता, आतून हिरवं पाणी आलं आणि केबलची जाळी काळी पडली होती, वीतभर आतपर्यंत. ती केबल टाकूनच द्यावी लागली.

तर्रीपोहे

मी परवा परीक्षेचा फॉर्म भरला. आणि ज्याची गाडी फसली होती त्यानं पण. काकूंनी त्याच्या मागे लागून भरून घेतला. आता प्रश्न असा की त्याची थार सॉफ्टटॉप आहे, कापडाले चुंबक काय चिकटणार?

डायपोल

तीच वाट. बॉनेटच्या कडेचं ब्रॅकेट, तांब्याची पट्टी, खाली स्प्रिंग. थार डिझेल असेल तर स्पार्कची खरखर नाही, अल्टरनेटरची शिट्टी आली तर बघू. शनिवारी वाडीला या, नॅनोव्हीएनए माझ्याकडे आहे. रॉड कापायच्या आधी लांबी वहीत लिहून आणा.

७३ (हॅमच्या भाषेत शुभेच्छा).